उंदराला गुदगुल्या

प्राण्यांविषयीचा पाठ चालू असताना वर्गातून एक प्रश्न कधी ना कधी येतोच : ‘प्राणी हसतात का?’ बहुतेक वेळा या प्रश्नावर सगळा वर्गच हसतो आणि प्रश्न तिथेच विरून जातो. खरे तर तो चांगला धरून ठेवण्यासारखा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञांना आपले स्वतःचे हसणे नव्याने समजले. शिवाय, ज्याला बोलता येत नाही त्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखायचे कसे, या अवघड प्रश्नालाही हात घालावा लागला.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, की सर्व प्राण्यांमध्ये फक्त माणूसच हसतो. गुदगुल्याही माणसालाच होतात, असे तो म्हणतो. त्याचे एक कारण माणसाची नाजूक त्वचा आणि दुसरे म्हणजे हसणारा प्राणी तो एकटाच! पुढे अनेक शतके हे मत कोणी फारसे तपासून पाहिले नाही. हसणे हे बुद्धीचे लक्षण आणि बुद्धी फक्त माणसाला, तेव्हा हसणेही फक्त माणसाला, असे हे सरळ गणित होते.

या गणितात एक गफलत आहे. ‘हसणे’ आणि ‘विनोद समजणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार महिन्यांचे बाळ खळखळून हसते, पण त्याला विनोद कळतो असे आपण म्हणत नाही. उलट एखादा मार्मिक विनोद वाचताना आपल्या तोंडून आवाजही निघत नाही. म्हणून प्राण्यांबद्दल विचार करताना हे दोन प्रश्न आधी वेगळे करू आणि एकेक करून पाहू.

दात दिसले म्हणजे हसू नव्हे

सुरुवातीला, जे हसू नाही ते बाजूला काढणे बरे. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने हॅम नावाच्या एका लहान चिंपांझीला रॉकेटमध्ये बसवून अंतराळात पाठवले. सोळा-सतरा मिनिटांच्या उड्डाणानंतर त्याचे यान अटलांटिक महासागरात उतरले आणि हॅम जिवंत परत आला. त्या वेळची त्याची छायाचित्रे जगभर गाजली. ओठ मागे ओढलेले, दोन्ही ओळींचे दात दिसत आहेत. पाहणाऱ्यांना वाटले, स्वारी खुशीत आहे. चिंपांझींच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या जेन गुडॉल यांनी मात्र त्या चेहऱ्यावर पराकोटीची भीती आहे, असे सांगितले.

ओठ मागे ओढून दात दाखवणे ही माकडांच्या अनेक जातींत भीतीची किंवा शरणागतीची खूण असते. ‘मी तुझ्यापेक्षा दुबळा आहे, मला मारू नकोस’ असा तिचा अर्थ. माथेरान किंवा महाबळेश्वरला सहलीला गेलेली मुले लाल तोंडाच्या माकडांना खाऊ दाखवून चिडवतात आणि माकडाने दात दाखवले की ‘ते बघ, हसतंय!’ म्हणून आणखी जवळ जातात. घाबरलेला प्राणी कोंडीत सापडला की चावतो. म्हणजे हसू ओळखण्यातली ही चूक केवळ पुस्तकी राहत नाही. ती इंजेक्शनांपर्यंत नेऊ शकते.

डॉल्फिनच्या चेहऱ्यावरचे कायमचे स्मित हा त्याच्या जबड्याचा आकार आहे. तो आजारी असला तरी तसाच दिसतो. ‘हसणारे तरस’ म्हणून प्रसिद्ध असलेला प्राणी म्हणजे आफ्रिकेतील ठिपकेदार तरस. आपल्याकडचे पट्टेदार तरस वेगळे. ठिपकेदार तरसाचा खिदळल्यासारखा आवाज बहुधा शिकारीवरून झोंबाझोंबी चालू असताना, वरचढ तरसांकडून हुसकले जाताना निघतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की या आवाजाच्या पट्टीवरून व चढउतारावरून तरसाचे वय आणि कळपातले स्थान ओळखता येते. तेव्हा कानाला जे हसण्यासारखे वाटते ते हसणे असेलच असे नाही. आणि याची दुसरी बाजू अशी, की जे खरोखर हसणे आहे ते कानाला तसे वाटेलच असेही नाही!

आपण हसतो म्हणजे काय करतो?

विद्यार्थ्यांना एक हात पोटावर ठेवून मोठ्याने ‘हा-हा-हा-हा’ असे हसायला सांगा. एकाच उच्छ्वासाचे छोटे छोटे तुकडे होऊन बाहेर पडत आहेत, हे हाताला जाणवेल. आता श्वास आत घेताना तसेच हसून पाहा. जमते, पण अगदी विचित्र वाटते. मेरीलँडमधील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसाच्या हसण्याचे ध्वनिमुद्रण करून त्याची मापे घेतली. एक ‘हा’ सुमारे ७५ मिलिसेकंद टिकतो आणि एका ‘हा’च्या आरंभापासून पुढच्या ‘हा’च्या आरंभापर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच.

याच प्रोव्हाइन यांनी आणखी एक साधे पण फार महत्त्वाचे काम केले. बाजारात, रस्त्यावर, महाविद्यालयाच्या आवारात लोक कधी हसतात हे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवले. हसण्याचे असे १२०० प्रसंग जमले. प्रत्येक वेळी हसण्याच्या लगेच आधी कोण काय बोलले हेही लिहून ठेवले होते. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. ज्याला विनोद म्हणता येईल असे काही शेकडा वीस प्रसंगांतही नव्हते. उरलेल्या वेळी लोक ‘बरं, निघतो आता’, ‘अरे, हा बघ कोण आला’ अशा साध्या वाक्यांवर हसत होते. दुसरे असे दिसले, की एकटे असताना आपण जितके हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो.

याचा अर्थ काय? हसणे ही मुळात विनोदाला दिलेली पावती नाही. ‘आपले बरे चालले आहे, मी तुझ्याशी मैत्रीने वागतो आहे’ असे सांगणारी ती माणसामाणसांतली खूण आहे. विनोद हा हसू येण्याच्या अनेक कारणांपैकी एक. एवढे लक्षात घेतले, की प्राण्यांत हसणे शोधायचे तर विनोदाच्या मागे न लागता मैत्रीच्या आणि खेळाच्या प्रसंगांकडे पाहावे, हे ओघाने येते.

वानरांच्या गुदगुल्या

असा शोध घेणाऱ्यांत चार्ल्स डार्विन अग्रणी होता. माणूस व प्राणी यांच्या भावनाविष्कारावरील त्याचे पुस्तक १८७२ साली प्रसिद्ध झाले. चिंपांझीच्या पिल्लाला गुदगुल्या केल्या, विशेषतः काखेत, तर ते हसण्यासारखा आवाज काढते, अशी नोंद त्याने त्यात केली आहे. १९७२ मध्ये नेदरलँड्समधील यान फान होफ यांनी चिंपांझी व इतर माकडांच्या चेहऱ्यांचा बारकाईने अभ्यास करून दोन वेगवेगळ्या मुद्रा दाखवून दिल्या. एक वर सांगितलेली दात दाखवण्याची. दुसरी म्हणजे सैल सोडलेला जबडा आणि उघडे तोंड. ही मुद्रा खेळताना, कुस्ती करताना, गुदगुल्या होताना दिसते. आपले स्मित पहिल्या मुद्रेशी आणि आपले खळखळून हसणे दुसऱ्या मुद्रेशी नाते सांगते, असे त्यांनी मांडले.

मग चिंपांझीचे हसणे आपल्याला हसण्यासारखे का ऐकू येत नाही? उत्तर श्वासात आहे. आपण एका उच्छ्वासाचे अनेक तुकडे करतो. चिंपांझी बहुधा प्रत्येक श्वासाला एक आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक असा आवाज काढतो. प्रोव्हाइन यांनी हा आवाज विद्यार्थ्यांना ऐकवून ‘हे काय आहे?’ असे विचारले. कोणी म्हणाले कुत्रे धापा टाकते आहे, कोणाला दम्याचा विकार वाटला, तर कोणाला करवतीने लाकूड कापल्याचा भास झाला. त्यांच्या मते हाच फरक बोलण्याच्या आड येतो. उच्छ्वासाचे हवे तसे तुकडे पाडता आल्याशिवाय सलग वाक्य बोलता येणार नाही. बोलणे आणि हसणे या दोन्हींच्या मुळाशी श्वासावरचा हा ताबा आहे.

२००९ मध्ये मरीना डाव्हिला रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढची पायरी गाठली. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी व बोनोबो यांची पिल्ले आणि तीन मानवी बाळे यांना त्यांच्या ओळखीच्या माणसांनी गुदगुल्या केल्या. त्या वेळच्या शेकडो आवाजांचे मोजमाप झाले : लांबी किती, पट्टी कोणती, श्वास आत की बाहेर. मग फक्त या आवाजांतील साम्य-भेदांवरून पाच जातींचा एक वंशवृक्ष मांडला. तो जनुकांवरून मांडलेल्या वंशवृक्षाशी जुळला! चिंपांझी आणि बोनोबो यांचे हसणे आपल्या हसण्याला सर्वांत जवळचे, गोरिलाचे त्याहून दूरचे, ओरांगउटानचे सर्वांत दूरचे. हा निव्वळ योगायोग असणे कठीण आहे. सर्वांचे हसणे एकाच पूर्वजाकडून आलेले असेल तरच असे जुळते. हा पूर्वज एक ते दीड कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हसणे माणसापेक्षा फार जुने आहे.

न ऐकू येणारे हसू

पण वानर तर आपले जवळचे नातेवाईक. जरा दूरच्या प्राण्यांचे काय? इथे आपल्याला अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात जावे लागेल. तिथे याक पँकसेप (१९४३–२०१७) हे शास्त्रज्ञ प्राण्यांच्या मेंदूतील भावनांचा अभ्यास करीत. उंदरांची पिल्ले एकमेकांशी किती दंगामस्ती करतात, कशाने ती वाढते, कशाने थांबते, हा त्यांचा आवडता विषय.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. उंदीर त्याच्या वरच्या पट्टीतही बोलतात. वटवाघळांचे श्राव्यातीत आवाज ऐकण्यासाठी जे यंत्र वापरतात ते लावून पाहिल्यावर पँकसेप यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की दंगामस्ती करणारे उंदीर सेकंदाला सुमारे ५०,००० कंपनांच्या म्हणजे ५० किलोहर्ट्झच्या बारीक चिवचिवाटाने खोली भरून टाकतात. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला मात्र सगळे शांत शांत!

१९९७ साली एके दिवशी पँकसेप यांनी आपले तरुण सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांना म्हटले, चला, उंदरांना गुदगुल्या करून पाहू. उंदराची पिल्ले जशी एकमेकांच्या मानेशी झोंबतात तसे बोटांनी मानेपाशी कुरवाळायचे, मग उताणे करून पोटावर बोटे फिरवायची. यंत्रातून चिवचिवाट ऐकू येऊ लागला. खेळताना होई त्याहूनही जास्त.

इथपर्यंतची गोष्ट मजेदार आहे, पण विज्ञान इथे संपत नाही. ते इथून सुरू होते. ‘उंदीर हसतो’ असे म्हणण्याआधी प्रत्येक शंका वेगळी तपासावी लागते.

नुसत्या स्पर्शाने तर हा आवाज निघत नाही ना? म्हणून काही उंदरांना फक्त पाठीवरून हळुवार थोपटले. चिवचिवाट बराच कमी झाला.

दाबामुळे छातीतून हवा बाहेर ढकलली जाऊन तर आवाज होत नाही ना? तसे असते तर हात लागल्याशिवाय तो झाला नसता. पण गुदगुल्यांची सवय झालेले उंदीर, हात नुसता जवळ आला तरी चिवचिवू लागले.

उंदराला ते आवडते हे कशावरून? ज्या हाताने गुदगुल्या केल्या त्या हाताच्या मागे उंदीर धावत. गुदगुल्या मिळाव्यात म्हणून ते एखादी कृती करायला शिकत. न आवडणाऱ्या गोष्टीसाठी कोणी मेहनत घेत नाही.

भीती वाटली तर? पिंजऱ्यात मांजराचा वास आणला किंवा झगझगीत उजेड लावला, की चिवचिवाट कमी होई. घाबरलेल्या उंदराचा आवाज वेगळाच असतो : सुमारे २२ किलोहर्ट्झचा, लांबलचक, एकसुरी. तोही बहुतेक माणसांना ऐकू येत नाही.

वयाचे काय? लहान पिल्ले पुष्कळ चिवचिवतात, मोठे उंदीर कमी. आपल्याकडेही हे काही वेगळे नाही!

एकेका पुराव्यात फट काढता येईल. पण सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. तरीही पँकसेप यांनी सावधपणे एवढेच म्हटले, की हा आवाज मानवी बाळाच्या हसण्याचा दूरचा पूर्वज असू शकतो. उंदराला विनोद कळतो असा दावा त्यांनी केला नाही. एवढे म्हटल्यावरही अनेक शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. उंदराला आनंद होतो हे वाक्यच त्यांना अशास्त्रीय वाटत होते.

दोन प्रकारच्या चुका

ही टीका अगदीच निराधार नव्हती. १८९४ साली लॉइड मॉर्गन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने एक नियम सांगितला होता : प्राण्याच्या वागण्याचा उलगडा साध्या मानसिक प्रक्रियेने होत असेल, तर त्यासाठी वरच्या दर्जाची प्रक्रिया गृहीत धरू नका. नियम चांगला आहे. हॅमच्या चेहऱ्यावर आनंद पाहणारे लोक त्याअभावीच फसले.

पण चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. आपल्यात आणि प्राण्यांत साम्य स्पष्ट दिसत असताना ते पाहायचेच नाही, असे ठरवणे ही तितकीच मोठी चूक आहे, याकडे फ्रान्स डी वाल यांनी लक्ष वेधले. उंदराला भीती वाटते, वेदना होतात, हे औषधांच्या चाचण्या करताना आपण निःशंकपणे मानतो. मग आनंद होतो म्हटले की का बिचकायचे? दोन्ही चुकांवर उपाय एकच : साम्य आहे असे गृहीतही धरू नये आणि नाही असेही गृहीत धरू नये; तपासता येईल असा प्रश्न विचारावा.

असा प्रश्न बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील शिम्पेई इशियामा आणि मिखाएल ब्रेश्त यांनी विचारला. उंदराच्या मेंदूत गुदगुल्यांच्या वेळी काय घडते? २०१६ मध्ये त्यांनी दाखवले, की धडाच्या स्पर्शाची नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागातील पेशी गुदगुल्यांच्या वेळी उत्तेजित होतात. त्यातल्या अनेक पेशी, उंदीर हाताचा पाठलाग करीत खेळत असतानाही तशाच उत्तेजित होतात, तेव्हा स्पर्श नसला तरी! त्या भागाला सूक्ष्म विद्युतप्रवाहाने चेतवले, तर हात न लावताच उंदीर चिवचिवू लागला. आणि उंदराला उंच चौथऱ्यावर प्रखर उजेडात ठेवले, की त्याच गुदगुल्यांनी चिवचिवाटही कमी आणि पेशींचे उत्तेजनही कमी. घाबरलेल्या मुलाला गुदगुल्या करून हसवता येत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

ब्रेश्त यांच्याच प्रयोगशाळेने २०१९ मध्ये उंदरांना चक्क लपाछपी शिकवली. सुमारे ३० चौरस मीटरची खोली, लपायला खोकी आणि आडोसे. कधी राज्य माणसावर, कधी उंदरावर. बक्षीस म्हणून खाणे नव्हते. सापडल्यावर गुदगुल्या आणि थोडी दंगामस्ती, बस्स. उंदीर आठवडा-दोन आठवड्यांत खेळ शिकले. शोधताना आणि सापडल्यावर ते चिवचिवत. लपलेले असताना मात्र गप्प. लपण्यासाठी पारदर्शक खोक्यापेक्षा अपारदर्शक खोके पसंत करीत. कधी कधी सापडल्यावर निसटून पुन्हा लपत, म्हणजे बक्षीस लांबणीवर टाकून खेळ वाढवत. लपाछपी खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ओळखीचे वाटेल.

हसण्याचा उपयोग काय?

खेळातली कुस्ती आणि खरी मारामारी दिसायला फार सारखी असते. दोन्हींत धावणे, पाडणे, चावणे असते. मग समोरचा खेळतो आहे की हल्ला करतो आहे, हे कळायचे कसे? त्यासाठी ‘हे खोटे खोटे आहे’ असे सतत सांगणारी खूण लागते. कुत्र्याचे पिल्लू पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच ठेवून, शेपूट हलवते. ही तशीच खूण. वानरांचे उघडे तोंड आणि धापा टाकल्यासारखा आवाज, उंदराचा चिवचिवाट यांचे काम बहुधा हेच आहे. गुदगुल्या म्हणजे तरी काय? पोट, मान, काख या नाजूक जागांवर केलेला खोटा हल्ला. हल्ला करणारा ओळखीचा असेल तरच हसू येते. अनोळखी माणसाने तेच केले तर किंकाळी फुटते.

२०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील साशा विंकलर आणि ग्रेगरी ब्रायंट यांनी आजवरचे संशोधन चाळून, खेळताना खास आवाज काढणाऱ्या प्राण्यांची यादी केली. ती ६५ जातींची झाली. बहुतेक सस्तन प्राणी आणि थोडे पक्षी. त्या पक्ष्यांपैकी न्यूझीलंडचा किआ हा डोंगराळ भागातला पोपट गमतीदार आहे. त्याच्या खेळातल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण रानातल्या किआंना ऐकवले, तेव्हा ते आपसांत खेळू लागले. एकटा असलेला पक्षीही हवेत गिरक्या घेऊ लागला. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गात एक जण हसला की बाकीचे कारण न कळताही हसतात, त्याची इथे आठवण होते.

आणि विनोद?

आता दुसरा प्रश्न. विनोदात एक अपेक्षा निर्माण होते आणि ती अचानक मोडते. पण मोडल्याने कोणाचे नुकसान होत नाही. यासाठी समोरच्याला काय वाटते आहे, त्याची अपेक्षा काय आहे, याचा अंदाज लागतो. प्राण्यांना हे जमते का?

भाषाखुणा शिकवलेल्या वानरांच्या गोष्टी या संदर्भात नेहमी सांगतात. वॉशो ही चिंपांझी रॉजर फाउट्स यांच्या खांद्यावर बसलेली असताना तिने तिथेच लघवी केली आणि वर ‘गंमत’ अशी खूण केली, असे फाउट्स यांनी लिहिले आहे. कोको या गोरिलाच्या (१९७१–२०१८) चेष्टेखोरपणाचे किस्से तर पुष्कळच. गोष्टी छान आहेत, पण त्यांचा अर्थ लावणारी माणसे त्या प्राण्यावर जीव लावणारीच होती आणि प्रसंग पुन्हा घडवून तपासता येत नव्हता. उंदरांच्या प्रयोगांशी तुलना करा. किस्सा आणि पुरावा यांतला फरक विद्यार्थ्यांना चटकन कळेल.

अधिक भरवशाचा मार्ग माणसाच्या बाळांनी दाखवला. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या वासुदेवी रेड्डी यांनी, बोलता न येणारी बाळे खोड्या कशा काढतात याचा अभ्यास केला. सात-आठ महिन्यांनंतरचे बाळ हातातली वस्तू आईपुढे धरते आणि आईने हात पुढे केला की झटकन मागे घेते. तेव्हा त्याचे डोळे वस्तूवर नसतात. ते आईच्या चेहऱ्याकडे पाहत असते. आपल्या घरोघरी हा खेळ चालतो.

इसाबेल लाउमर, एरिका कार्टमिल आणि सहकाऱ्यांनी हीच कसोटी वानरांना लावली. सान दिएगो व लाइपझिग येथील प्राणिसंग्रहालयांत केलेले ७५ तासांचे चित्रीकरण त्यांनी बारकाईने तपासले. २०२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चारही मोठ्या वानरजातींत खोड्या काढण्याच्या १८ वेगवेगळ्या तऱ्हा दिसल्या : दुसऱ्याच्या तोंडासमोर वस्तू हलवणे, टोचून पळणे, केस ओढणे, वस्तू देऊ करून मागे घेणे. खोडी काढणारा, बहुधा पिल्लूच, थांबून समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाही. काही घडले नाही तर पुन्हा, जरा वाढवून, तेच करी. समोरच्याची अपेक्षा ओळखून ती मोडण्याची ही सुरुवात आहे. शाब्दिक कोटी इथून फार दूर आहे, पण रस्ता हाच.

तेव्हा वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात न देता तीन पायऱ्यांत द्यावे. खेळातला आनंदाचा आवाज पुष्कळ प्राण्यांत आहे आणि तो फार जुना आहे. समजून-उमजून खोडी काढणे मोठ्या वानरांपर्यंत तरी पोचते. भाषेवर उभा राहणारा विनोद, आज आपल्याला माहीत आहे तेवढ्यावरून, फक्त माणसाचा.

या ज्ञानाचा उपयोगही होऊ लागला आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांची माणसाच्या हाताची भीती कमी करण्यासाठी त्यांना आधी थोडा वेळ गुदगुल्या करण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली जाते. प्राणी भ्यालेला नाही, एवढ्यावर समाधान न मानता तो आनंदात आहे का हेही आता विचारता येते; कारण ते मोजण्याचे साधन हाती आले आहे.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येकाने स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून पाहाव्यात. मग शेजाऱ्याकडून, त्याची परवानगी घेऊन. स्वतःच्या हाताने गुदगुल्या का होत नाहीत? आपली हालचाल कोणता स्पर्श देणार याचा अंदाज मेंदू, विशेषतः लहान मेंदू, आधीच बांधतो आणि ती संवेदना बोथट करतो. १९९८ मध्ये लंडनमध्ये झालेल्या मेंदूच्या प्रतिमाचित्रणातून हे दिसले.

२. मधल्या सुट्टीत मुलांच्या दोन-तीन गटांनी हसण्याचे प्रसंग टिपावेत. हसण्याच्या लगेच आधीचे वाक्य लिहावे. नंतर सर्वांनी मिळून ठरवावे, यात विनोद किती होते? प्रोव्हाइन यांच्या आकड्यांशी तुलना करावी.

३. गल्लीतली कुत्र्याची पिल्ले खेळताना सुरक्षित अंतरावरून दहा मिनिटे पाहावीत. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘दिसले’ आणि उजवीकडे ‘वाटले’ असे दोन रकाने करावेत. ‘तोंड उघडे होते, पुढचे पाय टेकलेले होते’ हे डावीकडे; ‘खुशीत होते’ हे उजवीकडे. उजवीकडच्या प्रत्येक वाक्याला डावीकडच्या किती वाक्यांचा आधार आहे, ते मोजावे. ज्याला आधार नाही ते वाक्य खोडू नये. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालून, ते कसे तपासता येईल, हे मुलांनाच विचारावे.